तात्यांचा सहावा व्हॉल्व्ह

हणमंततात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भर रस्त्यात वाकलेले. लोखंडी सळईचं एक टोक डांबरावर, दुसरं कानाला, डोळे मिटलेले. मागे वडापचा जीपवाला हॉर्न वाजवून बेजार झाला होता. नगरपंचायतीच्या पाणी विभागात अभियंता म्हणून रुजू होऊन मला दोनच दिवस झाले होते. "काय ऐकताय?" मी विचारलं.

"पानी. हितं गळतंय बगा. दूध उतू जाताना वाजतं तसं वाजतंय."

खणलं, तर बरोब्बर तिथेच जोड सुटलेला. माझी पदवी त्या खड्ड्यात पडली असती तरी मला वाईट वाटलं नसतं; मला ती सळई हवी होती.

विट्याच्या अलीकडचं हे आमचं गाव. तात्या इथले व्हॉल्व्हमन. जमिनीतले व्हॉल्व्ह पुरुषभर लांब लोखंडी चावीने फिरवून ते आळीआळीला पाणी सोडत. मुख्य व्हॉल्व्ह सहा. दर वेळी रस्ता नवा झाला की ते आणखी खाली गाडले जात, आणि कार्यालयातला नकाशा वाळवीने केव्हाच संपवलेला. खरा नकाशा तात्यांच्या डोक्यात. मी जात्याच चौकस. वही घेऊन मागे लागले की ते हसून म्हणत, "सांगीन की म्याडम. घाई काय हाय?"

घाई का नव्हती ते पुढे कळलं. गावाचं पाणी खासगी कंपनीला चालवायला द्यायचं ठरलं. तात्या कायम नोकरीत होते, निवृत्तीला आलेले. पण त्यांच्या हाताखाली सहा जण वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबत होते. कंपनी स्वतःची माणसं आणणार, म्हणजे हे सहा जण घरी. "व्हॉल्व्ह कुटं हायती ह्ये त्येंना कळलं की आमची गरज संपली," तात्या म्हणाले. "कंपनीचं पंप झ्याक हायती, न्हाई कशाला म्हनू? पन मान्सं काय भंगार हायती व्हय?" रोज पाणी मिळेल म्हणून निम्मं गाव कंपनीच्या बाजूने होतं, आणि खरं सांगायचं तर मीही थोडी होतेच.

संप सुरू झाला. नगरपंचायतीसमोर मांडव पडला, नळ कोरडे पडले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाजारपेठेत टाकीकडून येणारा, भरलेला मुख्य नळ फुटला आणि खालच्या आळीतल्या घरांत पाणी शिरलं. मी धावत मांडवात गेले. पाहणीसाठी आलेला कंपनीचा सुपरवायझर माझ्या मागोमाग. "तात्या, कुठला व्हॉल्व्ह तेवढं सांगा!" युनियनचा पुढारी उसळला, "तात्या, उठायचं न्हाई! संप हाय!"

तात्या उठले, चावी खांद्यावर टाकली. "आपुन पानी सोडायचं बंद क्येलंय गड्या. बंद करायचं कुटं बंद क्येलंय?"

एका बोळाच्या तोंडाशी त्यांनी आम्हा दोघांना थांबवलं. "तोंडं तिकडं करा." पाण्यात उभे राहून आम्ही शाळेतल्या शिक्षेसारखे भिंतीकडे तोंड करून राहिलो. सुपरवायझर फोनवर ओरडत होता. मी कान टवकारले. तात्यांची चावी दर पावलाला जमिनीवर ठक्‌ वाजायची. तेवीस ठोके झाले आणि थांबले. थोड्या वेळाने पाण्याचा लोंढा ओसरला. नंतर मी हळूच बोळात डोकावले, तर तिथे फक्त कुणाच्या तरी शेणी-गोवऱ्या रचलेल्या.

संप आश्वासनावर मिटला आणि कंपनी आलीच. तेव्हा तात्यांनी आपली अट सांगितली: एका माणसाला नोकरीचं पत्र, तेव्हा एक व्हॉल्व्ह. सुपरवायझर आधी हसला. पंधरा दिवस रस्ते उकरून दमला, मग पाच पत्रं निघाली. प्रत्येक पत्र तात्या स्वतः वाचत, शिक्का निरखत आणि मगच चालू लागत. सहावी राहिली संगीता. ती घरोघरी बिलं वाटायची आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तपासायची. कंपनी म्हणाली, बिलं आता मोबाइलवर जातील, हिची गरज नाही. तात्या म्हणाले, मग सहाव्या व्हॉल्व्हचीबी न्हाई. तो तोच होता, बोळातला. सुपरवायझरने तो बोळही उकरून पाहिला होता, पण शेणी हलवायचं त्याला सुचलं नव्हतं.

निवृत्तीनंतर वर्षभरात तात्यांनी अंथरूण धरलं. भेटायला गेले तर उशाशी ठेवलेली सळई त्यांनी माझ्या हातात दिली. "त्यो सहावा सांगून ठिवतो तुमास्नी."

"बोळात तेवीस पावलं, शेणींखाली," मी म्हणाले.

ते बघतच राहिले. मग खोकला येईपर्यंत हसले. "मोजत हुता व्हय! आन्‌ इतके दिस त्येंना सांगितलं न्हाई?"

"नाही."

"मग माजं काम झालं," ते म्हणाले आणि डोळे मिटले. आठवड्याने तात्या गेले. त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले.

नोकरीच्या नियमात हे बसत नाही, मला ठाऊक आहे. पुन्हा नळ फुटला तर मी धावत जाऊन तो व्हॉल्व्ह बंद करीन. पण भिंतीकडे तोंड करून कुणाला तरी उभं करावं लागेल. संगीता अजून नगरपंचायतीच्या रोजंदारीवरच आहे. काल सुपरवायझर कार्यालयात आला, समोर नकाशा पसरला आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, हा एवढाच राहिलाय. तुम्हाला काही कल्पना?"

मी संगीताचा नोकरीचा अर्ज त्या बोटाशेजारी ठेवला.

"सांगेन की," मी म्हटलं. "घाई काय आहे?"