कात्री हातात येईपर्यंत

नळाचं पाणी भरून झालं होतं, भाकऱ्या झाल्या होत्या, आणि मी दारात बसून शर्टांची काजं करत होते. साठ-बासष्ट साल असेल. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी भाकरी त्यांच्या वाटणीची एक जास्तच होई. बंगळुरात चिकपेटेत आमचं शिंप्याचं दुकान. कापड कापायचं पुरुषांनी, घरी बसून काजं-बटणं करायची बायकांनी.

हे आज आठवलं, कारण दुपारी नात तिसरी नोकरी सोडून आली आणि वहीत मोठमोठी ध्येयं लिहीत बसली. मला म्हणाली, "आजी, तुझं ध्येय काय होतं गं?"

मंडळी, हा शब्द मी फार पुढे पुस्तकांतून शिकले. तेव्हा काजं करून जीव विटला होता आणि मला कात्री हवी होती. त्या सकाळी धाकट्या दिरांना म्हटलं, "भावजी, मला कापायला शिकवा."

सासूबाई आतून म्हणाल्या, "लग्नाच्या झंपराला विधवेची कात्री लागली, तर गिऱ्हाईक फिरकेल का?"

मला राग नाही आला, थकवाच आला. म्हटलं, "मग शाळेच्या चड्ड्या द्या. त्यांना कुठे मुहूर्त बघतात?"

दीर हसले. "सरी वैनी, बरं, स्वल्प स्वल्प, थोडं थोडं बघू."

लग्नाचं कापड मला पुढेही कुणी दिलं नाही. ते अजून सलतं. मग नातीला काय सांगू? तुम्ही पहिल्यांदा केवढंसं मागितलं होतं?

दीर मात्र शब्दाला जागले. दुसऱ्या दिवशी मी एक खाकी चड्डी कापली.