हिरव्या चिंधीचा डबा

मेडशीत देवमन सरकटेला लोक दोन नावांनी ओळखत. शाळा शिकलेल्यांसाठी तो प्रयोगशाळेतला देवमनभाऊ होता. अठ्ठावीस वर्षं त्याने परीक्षानळ्या धुतल्या आणि ॲसिडची बाटली एकाही पोराच्या हाती लागू दिली नाही. उरलेल्या गावासाठी तो रेडिओवाला देवमन. आता रेडिओ हा काही त्याचा धंदा नव्हता, हौस होती. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते अशाच कुणाला पाहून म्हटलं असावं. घरामागे पत्र्याची दहा बाय आठची खोली होती. शाळा सुटली की तो तिच्यात शिरायचा आणि जेवायला तीनदा हाक मारल्याशिवाय बाहेर यायचा नाही.

त्या खोलीत एक रीत होती. कुणाचंही यंत्र उघडलं की त्याचे स्क्रू, त्याचे सुटे भाग एका डब्यात जायचे. डबे कसलेही असत: दंतमंजनाचे, बिस्किटांचे, कुठे दुधाच्या पावडरीचे. त्यावर नाव मात्र कधी लिहिलेलं नसे. देवमनची बायको अंजना गोधड्या शिवायची. ती आपल्या गाठोड्यातली एक चिंधी काढून दोन तुकडे करायची, एक यंत्राला बांधायची आणि एक डब्याला. ज्याची चिंधी त्याचा डबा. वर्षाने किन्हीराजा गावचा माणूस आपला रेडिओ मागायला आला, तरी गडबड व्हायची नाही.

"नाव लिवून ठेवलं तं काय बिगडते?" देवमन म्हणायचा.

"एका नावाचे धा माणसं राह्यते गावात," अंजना म्हणायची. "माह्या गाठोड्यातली चिंधी एकच राह्यते."

त्या खोलीत एक वस्तू अशी होती की जी दोघांनी मिळून केली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी देवमनने बायकोसाठी रेडिओ बनवला. त्यातली कॉईल, म्हणजे कागदाच्या नळीवर बारीक तांब्याच्या तारेचे वेढे, हातानेच गुंडाळायची होती. "तुमी फिरवा, मी मोजतो," अंजना म्हणाली. तिसाव्या वेढ्याला देवमनने काहीतरी थट्टा केली, ती हसली आणि आकडा चुकला. तिने सगळे वेढे उलगडायला लावले. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्या वेळी तिने त्याला तोंड बंद ठेवायची शपथ घातली आणि शेवटपर्यंत मोजलं.

"किती झाले? वहीत लिवतो," देवमन म्हणाला.

"लिवता कायले? मी हाव नं."

पुढे देवमनने शेकडो कॉईली गुंडाळल्या, पण सगळ्या एकट्याने, अंदाजपंचे. तो एक रेडिओ मात्र छत्तीस वर्षं स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर बसून अकोल्याचं स्टेशन ऐकवत राहिला. कुणी म्हटलं, देवमनचा रेडिओ चांगला वाजते, तर अंजना तिथल्या तिथे सुनावायची, "त्यायचा नाई, माहा हाय. येढे म्या मोजले."

चार वर्षांपूर्वी सोयाबीन काढणीच्या दिवसांत ती अंथरुणाला खिळली आणि नेमका तेव्हाच रेडिओ मुका झाला. "अवो, मले रेडिओ लावून द्या नं," ती म्हणाली. देवमनने उघडून पाहिला. कॉईलच्या टोकाची तार तुटली होती, अर्ध्या तासाचं काम. त्याने कॉईल काढून एका लहान डब्यात ठेवली. अंजनाने पडल्या पडल्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडली, एक तुकडा रेडिओला बांधला आणि एक डब्याला. दिवेलागण झाली होती. "उद्या लावून देतो," देवमन म्हणाला. सकाळी ताप वाढला, तिला अकोल्याला नेलं, आणि नवव्या दिवशी ती परत आली ती ॲम्ब्युलन्समधून, पांढऱ्या चादरीत.

डबा खोलीच्या खिडकीत राहिला. देवमनने दाराला कडी लावली आणि चार वर्षं तिला हात लावला नाही. रिकाम्या खोलीला घर लवकर गिळतं. आधी मोडका कूलर आत गेला, मग खाट, मग सोयाबीनची पोती. मुलगा उत्कर्ष मालेगावात बियाण्याच्या दुकानात होता. यंदा आईच्या स्मृतिदिनाला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मोठा करायचं त्याने ठरवलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"बाबा, लोक येतीन. थ्या खोलीतलं भंगार काढा, नाही तं मी भंगारवाल्याले बलावतो."

भंगार हा शब्द देवमनला झोंबला. "आठ दिवस दे मले," तो म्हणाला. "लॅब लावून दाखवतो, लॅब!"

मनातली गोष्ट वेगळीच होती, ती त्याने कुणाला सांगितली नाही. यंदा तिच्या फोटोपुढे मेणबत्ती लागेल तेव्हा तिचा रेडिओ वाजला पाहिजे. 'उद्या' म्हणून दिलेला शब्द चार वर्षं पाळायचा राहिला होता. आणि तो रेडिओ तिने मोजलेल्या कॉईलवरच वाजायला हवा होता. दुसरी बसवली तर तो तिचा कसला?

म्हातारा कामाला लागला. पोती ओसरीत आली, कूलर अंगणात. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत उंदराने संसार थाटला होता, तो उठवला. टेबलावर बोटभर धूळ होती. देवमनच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. शिबिरातल्या डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं, पण हा माणूस स्वतःच्या डोळ्यापेक्षा दुसऱ्याचा स्पीकर आधी दुरुस्त करणारा, त्याने ते टाळलं होतं. त्याला सगळं मातकट दिसायचं, पण हात चालत होते आणि चार वर्षांत पहिल्यांदा तो शीळ घालत होता. सून रत्नमाला चहा घेऊन आली की दारातच थबकून ऐकायची.

मांडणीवर साठेक डबे होते. त्यांचे रेडिओ बहुतेक गेले होते. कुणाचा मालक वारला, कुणी मोबाइल घेतला आणि रेडिओ मोडीत घातला. डबे तेवढे मागे राहिले. आता ज्याची चिंधी त्याचा डबा म्हणण्यात काय अर्थ होता? देवमनने ठरवलं, शाळेतल्यासारखं करायचं. जातीला जात लावायची, स्क्रूत स्क्रू, कॉईलीत कॉईल. अंजनाचा डबा तर खिडकीत होता, सगळ्यांपासून वेगळा. तो शेवटी काढायचा. ही खात्री त्याला इतकी होती की त्याने खिडकीकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही, आणि इथेच त्याने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला.

एकेक डबा त्याने परातीत उपडा केला. चिंध्या कात्रीने कापल्या. धुळीने आणि त्याच्या डोळ्याने सगळ्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या. भाग घासलेटने पुसून, निवडून त्याने लोणच्याच्या धुतलेल्या बरण्यांत भरले. त्यांवर प्रयोगशाळेतल्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या. 'स्क्रू, लहान.' 'स्क्रू, मोठे.' 'कॉईल.' रिकामे डबे उत्कर्षच्या गोणीत गेले. चिंध्यांचा ढीग त्याने न्हाणीच्या चुलीत घातला, त्यावर पाणी तापवलं आणि दिवसभराचा मळ धुवायला तो समाधानाने आंघोळीला बसला.

सातव्या दिवशी दुपारी खोली आरशासारखी झाली. देवमनने मांडणीच्या माथ्यावरून अंजनाचा रेडिओ उतरवला आणि ओल्या फडक्याने पुसला. त्याला बांधलेली चिंधी पुसली तसा तिचा हिरवा रंग वर आला. मग तो खिडकीकडे गेला. खिडकी रिकामी होती.

त्याने खालची फरशी पाहिली. ओसरीतली पोती पुन्हा हलवली. मग त्याने हाक मारली, "वं रत्नमाला! खिडकीतला डबा कुठी गेला?"

ती पिठाच्या हाताने आली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "हिरव्या चिंधीचा? दोन वर्स झाले त्याले, मामाजी. पोते रचाले आले तवा म्या काढला. आत्याबाईच्या हातची गाठ होती, म्हनलं चेंदून जाईन. मंग बाकीच्या डब्यायसंग मांडणीवर नीट ठेवून देला नं." मग तिने त्या बरण्यांच्या रांगेकडे पाहिलं आणि तिचा हात तोंडाशी गेला. "काहून मामाजी? काय झालं?"

"काई नाई," देवमन म्हणाला. "पाह्यतो मी."

तो खाली बसला. तिची शेवटची गाठ त्याने स्वतः कापली होती, स्वतः जाळली होती आणि त्या पाण्याने अंग धुतलं होतं. सुनेची चूक नव्हती. ती बिचारी जपायलाच गेली होती. चूक दुसऱ्या कुणाची असती तर निदान दोन शिव्या तरी हासडता आल्या असत्या.

त्याने 'कॉईल'ची बरणी वर्तमानपत्रावर उपडी केली. त्रेचाळीस कॉईली. तीच तार, तोच कागद, गुंडाळणारा हातही तोच. तिच्या कॉईलचं एक टोक तुटलेलं होतं, पण निवडताना सोयीसाठी त्याने सगळ्यांचीच टोकं सारखी कापली होती. तरी त्याने आशा सोडली नाही. एकेक लावून पाहू, तिची असेल ती वाजेल. त्याने पहिली जोडली. नुसती खरखर. दुसरी जोडताना तापल्या सोल्डरिंगने बोट भाजलं, तिलाही खरखरच. तिसरी जोडली आणि बटण फिरवलं. एक माणूस स्वच्छ आवाजात तुरीवरच्या अळीबद्दल सांगू लागला. अकोला!

रत्नमाला स्वयंपाकघरातून धावतच आली. "आत्याबाईचा रेडिओ वाजला! सापडली नं, मामाजी?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

देवमनच्याही होतं. इथेच थांबला असता तर म्हातारा सुखाने मेला असता. पण प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला एक वाईट खोड असते, आलेलं उत्तर तो पुन्हा ताडून पाहतो. रत्नमाला गेल्यावर त्याने तिसरी काढून ठेवली आणि चौथी जोडली. तोच माणूस तीच अळी सांगत होता. पाचवीवर आवाज जरा दबला, काटा थोडा सरकवल्यावर तोही मोकळा झाला. सहावीही वाजली. देवमनने ती तशीच राहू दिली, सोल्डरिंगची वायर बोर्डातून उपसली आणि भिंतीला टेकून राहिला.

स्मृतिदिनाला घर भरलं. पांढरी लुगडी, पांढरे सदरे. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. उत्कर्षने फोटोपुढे रेडिओ ठेवून सुरू केला तेव्हा बायांनी पदर डोळ्यांना लावले. अंजनाची मैत्रीण सुंदरबाई म्हणाली, "तोच आवाज वं माय, अंजनाच्या घरचा." उत्कर्षने लोकांना हाताला धरून खोली दाखवली. पाठीवर थाप देत जो तो म्हणाला, "लय झाक लावली, देवमनभाऊ. लॅबच हाय पुरी!" रत्नमाला वाढता वाढता सासऱ्याकडे पाहून हसली. तिला खरं सांगायची हिंमत देवमनला झाली नाही. कधी होणारही नव्हती.

जेवणाच्या पंगती चालू असताना तो मागच्या खोलीत आला आणि दार लोटून घेतलं. त्याने बरणीतून एक कॉईल काढली, उजव्या डोळ्याजवळ धरली आणि सुईच्या टोकाने वेढे मोजू लागला. एक, दोन, तीन. दोनदा आकडा चुकला, त्याने पुन्हा सुरुवात केली. बहात्तर भरले. दुसरी घेतली. तिचे चौऱ्याहत्तर. तिसरीचे पुन्हा बहात्तर. मग त्याला उमगलं की तो सगळ्या त्रेचाळीस मोजू शकेल, पण किती भरले म्हणजे ती अंजनाची, हेच त्याला माहीत नव्हतं. लिहू दिलं नव्हतं तिने. मी हाव नं, म्हणाली होती.

देवमन लहान मुलासारखा रडला. बाहेर रेडिओ चालूच होता. रडून झाल्यावर त्याने तिन्ही कॉईली बरणीत टाकल्या, झाकण घट्ट लावलं आणि बरणी आपल्या जागी, चिठ्ठी पुढे करून ठेवली.