दौलतमामांचं वावर आणि गावाचा नांगर

ज्या माणसाला तुम्ही नांगर दिला नाही, त्यानं जमीन कधी नांगरली नाही म्हणून त्याच्याच शोकसभेत टाळ्या वाजवताना तुमचे हात आखडले कसे नाहीत?

माझे मामा फाल्गुनात गेले. अमरावतीच्या छापखान्यात आमच्या एका पत्रकाचे खिळे जुळवणं चाललं होतं, तेव्हा दर्यापूरकडून आलेल्या माणसानं दारातूनच सांगितलं, "दौलतमामा गेले." हाताची शाई तशीच घेऊन मी मोटार पकडली. पुढच्या आठवड्यात गावानं शोकसभा भरवली. अध्यक्षस्थानी अर्थात पाटील. हयातभर ज्याला ते 'दौलत्या' म्हणत, तो त्या दिवशी 'कैलासवासी दौलतराव' झाला होता. "काळ्या आईच्या छातीवर त्यांनी कधी नांगर फिरवला नाही," असं म्हणून पाटलांनी उपरण्यानं डोळे टिपले. अकोल्याहून आलेल्या एका साहेबांनी तर मामांना थोर प्रयोगी शेतकरी ठरवून टाकलं. वावरात पाऊल न टाकता ते चहा पिऊन निघून गेले.

आता प्रयोग कसा सुरू झाला ते ऐका.

मामा अकोल्याच्या गिरणीतून सुटून गावी आले, तेव्हा त्यांच्याकडे आजोबांचं थोडं वावर आणि एक बैल होता. आमच्याकडच्या काळ्या, चिवट जमिनीत एका बैलानं नांगर हलत नाही, एका जोडीनंही धड हलत नाही. म्हणून सावड असते. चार घरांचे बैल एकत्र करायचे आणि पाळीपाळीनं प्रत्येकाचं वावर नांगरायचं. मामांचा बैलही त्या सावडीत होता. छप्पनच्या दसऱ्याला मामा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आमच्या वस्तीनं गावची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. पुढच्या उन्हाळ्यात मामांची पाळी आली, तेव्हा नांगर त्यांच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, आलाच नाही. ते विचारायला गेले तर पाटील ओट्यावर पान लावत बसले होते.

"काहून रे दौलत्या? आमची ढोरं ओढाची तुले लाज वाटते, अन् आमच्या बैलाईनं तुझा नांगर ओढावा?"

ओट्यावरचे सगळे हसले. मामा म्हणाले, "ठेवा पाटील तुमचे बैल तुमच्यापाशी. जमीन काई तुमच्या दावणीले बांधली नाई."

अशी झाली ती थोर प्रयोगाची सुरुवात. काळ्या आईवरची माया वगैरे काही नव्हती, चार घरांचा कोतेपणा होता.

मामांनी बाभळीची एक काठी तासून टोकदार केली. शेणमातीत चोळलेली सरकी घेऊन मामी मागे, काठीनं भोकं पाडत मामा पुढे. असं सगळं वावर त्यांनी टोबलं. पहिली दोन वर्षं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याच्या वर गेली नाही. "दौलत्याच्या वावरात बकऱ्या बांधा," असं गाव म्हणायचं. ज्वारीची धसकटं मामा उपटत नसत, पालापाचोळा जाळत नसत, बैलांनी ओढायच्या डवऱ्याऐवजी खुरप्यानं नुसतं वरचं खरवडत. आमची जमीन उन्हाळ्यात स्वतःच फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मामा त्या भेगा दाखवून म्हणायचे, "पाह्य, हिचा नांगर हिच्याच पोटात हाय."

चार-पाच वर्षांनी माती बदलली. मुठीत धरली की रवाळ लागायची, गांडुळं दिसायची. एका पावसाळ्यात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, तेव्हा पाटलांच्या खोल नांगरलेल्या शेताची माती नाल्यात गेली आणि मामांच्या धसकटांनी मामांची माती धरून ठेवली. पुढच्या साली पावसानं महिनाभर ओढ दिली. सगळ्यांची पऱ्हाटी माना टाकून उभी असताना मामांची हिरवी होती. तेव्हा ओट्यावरची तीच मंडळी रात्र पडल्यावर गुपचूप येऊन मामांच्या वावरातली ढेकळं फोडून पाहत. दिवसा येऊन विचारायला यांची जीभ झिजली असती!

पण मामांना देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांनी उरलेलंही ऐकावं. नांगर न लावण्याची किंमत होती, आणि ती मामी मोजत होती. नाल्याकडच्या सखल पट्ट्यात पाणी साचून झाडं पिवळी पडत. त्याच पट्ट्यात कुंदा शिरला. या गवताच्या कांड्या हातभर खोल जातात. खुरप्यानं वरचं छाटलं तर खालून दुप्पट जोमानं फुटतात. तो एकदा उन्हाळ्यात खोल नांगरून, कांड्या उन्हात वाळवूनच मरतो. शिवाय हे सगळं थोड्या वावरात दोन माणसांच्या कमरेवर चाललं होतं. साहेबांनी ते मोठ्या शेतात करून दाखवावं आणि मग भाषण द्यावं.

मग नाव झाल्यावर पाटलांचा थोरला मुलगा नांगर घेऊन आला. "मामा, कुंद्याचा तेवढा पट्टा मारून देतो." मामांनी त्याला धुऱ्यावरूनच परत पाठवलं. आयुष्यभराच्या अपमानाचं त्यांनी तत्त्व करून टाकलं होतं, आणि तत्त्वाला एवढ्याशा पट्ट्याचीही सूट नव्हती. मी तिथंच होतो. मामी पट्ट्यात बसली होती, तिच्या बोटांना कुंद्यानं चिरा पडलेल्या. ती वरही न पाहता म्हणाली, "तुमी उभं राहून तत्त्व सांगून राहिले, अन् मी वाकून उपटून राहिली. नांगर त्याईनं नाई देल्ला, आता तुमी नाई घेत. मले काय फरक पडला?"

त्या वर्षीपासून रोज सकाळी मामा तिच्या शेजारी खुरपं घेऊन बसत. नांगर मात्र मागितला नाही.

आता मामी एकटी आहे. कुंदा पट्ट्यातून बाहेर सरकतोय. पेरणीच्या आत तो नांगरला नाही, तर मामांनी घडवलेली सगळी माती दोन पावसाळ्यांत तो खाईल. म्हणून मामी स्वतः पाटलांच्या ओट्यावर गेली आणि एका सकाळपुरता नांगर मागितला. पाटलांनी हात जोडले. "बाई, दौलतरावाचं तत्त्व मी कसं मोडू? पाप लागंल मले." तेव्हा पाटलांचा नांगर ढोरांमुळे अडला होता, आता तत्त्वामुळे अडला. इतक्या वर्षांत या गावानं एवढीच प्रगती केली. वर धुऱ्यावर शोकसभेत नेमलेल्या स्मारक समितीची पाटी उभी आहे: 'या भूमीला नांगर लागत नाही.' पाटीच्या खांबाशीही कुंदा आलाय.

मामांची ती बाभळीची काठी घराच्या कोपऱ्यात आहे. धरायच्या जागी ती गुळगुळीत झाली आहे आणि टोक झिजून निम्मी उरली आहे. समितीला ती काचेच्या पेटीत ठेवायची होती. मामी म्हणाली, "पेटीत ठेवान, मंग टोबाचं कशानं? तुमच्या भाषणानं?"

दर्यापूरच्या आसपास ज्यांच्याकडे जोड्या आणि लोखंडी नांगर असेल, त्यांना माझी विनंती आहे. हार आणू नका. रोहिणी नक्षत्र लागायच्या आत एका सकाळी नांगर घेऊन या आणि नाल्याकडचा कुंद्याचा पट्टा खोल नांगरून द्या. तेवढाच पट्टा. कुठं थांबायचं ते मामी काठी रोवून दाखवेल. काठीच्या पलीकडे नांगराचं एक तासही घालू नका.

आणि आलात तर दिवसाढवळ्या, पाटलांच्या ओट्यासमोरून या.