शेवटचं पाणी
म्हैसूरच्या नजरबाद भागातला, आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कोळशाच्या इस्त्रीतली राख झटकतो, तेव्हा मला हटकून आईचे कडू करांदे आठवतात. एका वर्षी ती कोकणातून इथे माझ्याकडे आली होती. शेजारच्या मोकळ्या प्लॉटच्या कुंपणावर तिला बटाट्यासारखे कंद लागणारा करांद्याचा वेल दिसला आणि ती पदर भरून करांदे घेऊन आली. कन्नडचा एक शब्द येत नसताना तिने खाणाखुणा करून याच इस्त्रीवाल्याकडून राख मिळवली, राखेच्या पाण्यात काप उकडले आणि कडूपणा उतरावा म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी बदलत राहिली. चौथ्या दिवशी माझ्या ऑफिसातली मंडळी जेवायला येणार होती. ओट्याखालच्या पातेल्याला आंबूस वास सुटला होता, मला लाज वाटली, आणि ती अंघोळीला गेल्यावर मी ते सगळं कचऱ्यात ओतलं. रिकामं पातेलं बघून ती म्हणाली, “एकच पाणी राहिलं होतं गं,” आणि माझ्या पाहुण्यांसाठी पुऱ्या लाटायला बसली. काल इस्त्रीवाल्याने कपड्यांवर राखेची पुडी ठेवली आणि कन्नडमध्ये विचारलं, “अम्मा यंदाही आल्या नाहीत?” मी पुडी घेतली. आई आता नाही, हे त्याला सांगवलं नाही.