सुताराचा राग निवला
चादरीची घडी अर्ध्यावर आली आणि सुताराच्या हातातली दोन टोकं खाली गेली. "जरा थांब गं," म्हणत तो पलंगाच्या कडेला टेकला. खांदे वर ओढून तोंडानं श्वास घेत राहिला.

"अहो, चादर आहे, दाराची चौकट नाही," बायको हसली. तो हसला नाही. हसायलाही वारा लागतो.

हा तोच माणूस, ज्याचा आवाज चढला की गल्लीतली मांजरं पसार व्हायची. भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायचा. बायकोनं देवापुढे एकच धोशा लावला होता, यांचा राग तेवढा निवू दे. आणि तीनेक वर्षांमागे तो खरंच निवत गेला. सुतार हळू बोलू लागला. जिन्यात थांबून शेजाऱ्यापाजाऱ्यांची विचारपूस करू लागला. देवानं ऐकलं म्हणून बायको आनंदानं रडलीसुद्धा.

खालच्या मजल्यावरची नर्स तेव्हाच म्हणाली होती, "वहिनी, भाऊजी गप्पांसाठी थांबत नाहीत, दम खायला थांबतात. सकाळचा खोकला ऐकते मी. त्यात बिडी आणि लाकडाचा भुसा. फुंकायची तपासणी करून घ्या, सुईसुद्धा टोचत नाहीत."

"दृष्ट नका लावू हो! आत्ता कुठे घराला सुख आलंय."

आज मात्र बायकोनं चादर तशीच टाकून त्याच नर्सला हाक मारली आणि तिनं दोघांना दवाखान्यात नेलं. "फुंका, फुंका, अजून, अजून!" डॉक्टरीणबाई ओरडत होत्या. सुतारानं डोळे मिटून जोर लावला. यंत्राच्या पडद्यावरची रेघ जेमतेम चढली आणि दमली.

"धाप केव्हापासून लागते?"

"धाप कसली हो," बायको म्हणाली, "तीन वर्षांत यांनी साधा आवाज चढवला नाही..." आणि बोलता बोलता तिचं लक्ष त्याच्या वर ओढलेल्या खांद्यांकडे गेलं.

डॉक्टरीणबाईंनाही कळलं. "तेव्हा आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं. फुप्फुसातलं गेलेलं परत येत नाही. बिडी बंद, भुशातलं काम बंद, औषधाचा पंप रोज तोंडानं ओढायचा. उरलंय ते जपायचं."

घरी आल्यावर बायकोनं हत्यारांच्या पेटीतून त्याची लाडकी पटाशी काढली. तिला कुणी नुसतं बोट लावलं तरी पूर्वी रामायण व्हायचं. त्याच्यासमोर तिनं पटाशीनं तेलाच्या डब्याचं झाकण उचकटलं. धारेचा टवका उडाला.

"बघा, काय केलं मी! बोला की काहीतरी!"

त्यानं तोंड उघडलं. आधी खोकला आला, मग शब्द. "राहू दे. आता कुठे लागणार आहे ती."

देवापुढे ती कितीतरी वेळ उभी राहिली. दिलेलं परत घे, म्हणाली. माझा चिडका माणूस मला परत दे. देव होता तसाच बसून होता.

मग चादर हनुवटीखाली धरून तिनं एकटीनंच घडी पुरी केली, डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी पिशवीत टाकली आणि औषधाच्या दुकानातून पंप आणायला निघाली.