शंभर टक्क्यांचा विद्याधर

विद्याधर,

तुझ्या शाळेच्या गुळगुळीत पुस्तिकेसाठी ‘आमचे प्राचार्य’ या मथळ्याखाली दोनशे शब्द लिहून द्या, जुन्या सहकारी म्हणून तुमचा मान मोठा, असा तुझा निरोप आला. पुढे हात जोडल्याची चित्रं. अरे, दोनशे शब्द कशाला? तू पाहुण्यांना पुष्पगुच्छ छान देतोस, हे एका वाक्यात आटपतं. उरलेलं तू छापणार नाहीस. तू दुष्ट आहेस असं माझं म्हणणं नाही. दुष्टपणालाही थोडी छाती लागते. माझ्या ओट्यावर बसून चहा पिऊन, शब्द देऊन गेलास त्याला अजून वर्षही झालेलं नाही आणि आता वर माझ्याकडूनच कौतुक हवंय. कोडगेपणात मात्र तुझा निकाल खरोखर शंभर टक्के आहे.

गोराईच्या ॲग्नेसबाईंनी एवढं एका दमात लिहिलं, आणि ते एका अक्षरानेही खोटं नव्हतं.

ॲग्नेसबाईंनी बोरिवलीतल्या महापालिकेच्या माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यात जन्म घालवला. रोज लाँचने खाडी ओलांडायची, पलीकडे रिक्षा, आणि घंटेच्या आधी वर्गात हजर. विद्याधर तिथे विज्ञान शिकवायला आला तेव्हा केसांचा भांग पाडलेला, खिशाला दोन पेनं लावलेला तरतरीत पोरगा होता. विज्ञान त्याने किती शिकवलं ते देवाला ठाऊक. पण शिक्षणाधिकारी येणार म्हटलं की फाटकाशी हा. नगरसेवक येणार, हार धरून हा. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली त्याला कधी सापडायची नाही. पाहुण्यांच्या खुर्चीवर टाकायचा टर्किश टॉवेल मात्र नेमका कुठे ठेवलाय हे झोपेत विचारलं तरी सांगेल.

मग महापालिकेने ती शाळा चालवायला एका ट्रस्टकडे दिली. इमारत पालिकेची, पोरं पालिकेची, कारभार ट्रस्टचा. कित्येक मजले, दोन पाळ्या, वस्तीवस्तीतून येणारी हजारो पोरं. ट्रस्टने आल्या आल्या तळमजल्यावर सोफे टाकले. वर्गांना परदेशी विद्यापीठांची नावं दिली. त्यामुळे ‘नववी ब’चा पंखा बंद पडेनासा झाला, ऑक्सफर्डचा पंखा बंद पडू लागला. हार्वर्डच्या मुलींना पाण्यासाठी दोन जिने उतरून केंब्रिजच्या नळावर जावं लागे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘प्रत्येक मूल महत्त्वाचं’. अशा शाळेला प्राचार्य कोण हवा? ज्याला टॉवेलची जागा ठाऊक आहे तो. विद्याधरच्या गळ्यात ओळखपत्राचा पट्टा आला, केसांना कलप आला आणि तोंडात ‘इम्पॅक्ट’ आला. बाई त्याच सुमारास निवृत्त झाल्या. सुटल्या, असं त्या म्हणत.

विद्याधरचा सगळा दरारा एका आकड्यावर उभा होता. दहावीचा निकाल शंभर टक्के. तो लागला की फाटकावर बॅनर, ट्रस्टची शाबासकी, करार पुढे चालू. आणि शंभर टक्के निकाल लावायची युक्ती मुंबईतल्या कुठल्याही शिक्षकाला माहीत असते. शिकवणं हा त्यातला लांबचा रस्ता. जवळचा रस्ता असा, की नववीच्या शेवटी कच्च्या पोरांच्या आईबापांना बोलवायचं आणि गोड आवाजात सांगायचं, ‘‘नापास केलं तर वर्ष जाईल. त्यापेक्षा दाखला घ्या, बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा. पोराचं वर्ष वाचेल.’’ पोर शाळेच्या पटावरून उतरतं. मग ते पास होवो की नापास, शाळेच्या निकालाला डाग नाही. आईबाप उलट आभार मानून जातात.

या वर्षी त्या रांगेत व्हेनेसा होती.

व्हेनेसा ॲग्नेसबाईंच्या शेजारच्या यव्होनची मुलगी. यव्होन बोरिवलीच्या बाजारात भाजी विकते. पोर आठवीपासून खाडीपलीकडच्या या शाळेत जायची. भाषा चांगली, चित्रं झकास, गणितात मात्र बोंब. पण ट्रस्टला ती फार आवडली होती, कारण ती बोटीने शाळेत येते हे त्यांना कळलं. फोटोवाला पाठवला. आता गोराईची बोट म्हणजे लाँच. तिच्यावर माणसांच्या बरोबरीने स्कूटरी चढतात. फोटोवाल्याला स्कूटरी नको होत्या. त्याने कुणाची तरी मासेमारीची लहान होडी मागून घेतली, पोरीला दप्तरासकट तिच्या टोकावर बसवलं आणि हातात वल्हं दिलं. अख्खा धक्का हसत होता. तो फोटो ट्रस्टच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला. वल्हं मारत शाळेला निघालेली मुलगी!

आणि मे महिन्यात त्याच मुखपृष्ठाला विद्याधरने दाखला दिला. वर्ष वाचवलं.

व्हेनेसा आठवडाभर जेवली नाही. मग पुस्तकं घेऊन ॲग्नेसबाईंच्या ओट्यावर येऊन बसली. बाईंनी तिला पहिल्या दिवशी इतकं झापलं की यव्होन धावत आली. पण गणित सुटू लागलं. गणपतीपर्यंत पोर त्रिकोणमितीत बऱ्यापैकी चालायला लागली होती. तिला एकच हवं होतं: आपल्या वर्गात, आपल्या बाकावर बसून दहावी करायची. बोर्डाचे फॉर्म अजून जायचे होते. अजून वेळ होता.

गणपतीच्या सुट्टीनंतर एका दुपारी विद्याधर स्वतः गोराईत उगवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पँट घोट्याच्या वर दुमडलेली, बुटांना चिखल.

‘‘बाई, तब्येत काय म्हणते?’’

‘‘तब्येत विचारायला तू खाडी ओलांडणार नाहीस. काम बोल.’’

तो हसला. विद्याधरला अपमान झाल्याचं कळत नाही, हे त्याच्या नोकरीतलं सगळ्यात मोठं भांडवल.

‘‘फॉरेनचे पाहुणे येतायत शुक्रवारी. मोठे डोनर. त्यांना ती बोट गर्ल भेटायचीय. आपली व्हेनेसा हो.’’

‘‘आपली?’’

‘‘म्हणजे शाळेचीच ना ती. तुमच्याकडे येते असं कळलं. तेवढी दहा वाजता गणवेशात आणा. यव्होनताईंना सुट्टी घ्यायला नको, तुम्हीच आणलीत तर बरं. तुमचाही सत्कार करू.’’

‘‘सत्कार घाल चुलीत. तिला तू काढलीस.’’

‘‘काढली कुठे बाई? तिच्या हितासाठी...’’

‘‘विद्याधर, मी तुझ्या शाळेतली पालक नाही. मला हे ऐकवू नकोस. नाव परत पटावर घे. ऑक्सफर्डात घे, नाही तर संडासाशेजारच्या वर्गात घे. मी स्वतः हाताला धरून आणते.’’

‘‘प्रोसेस असते हो बाई.’’

‘‘दाखला हातात ठेवताना कुठे गेली होती प्रोसेस?’’

विद्याधरने कपाळ पुसलं. ‘‘तुम्हाला ठाऊक आहे. एक पोर नापास झालं की नव्व्याण्णव पॉइंट काहीतरी येतो. शंभर म्हणजे शंभर असतं. करार रिन्यू व्हायचाय.’’

हे तो लाजून बोलला असता तर बाईंना एखादे वेळी कीव आली असती. तो कौतुकाने बोलला.

तेवढ्यात व्हेनेसा आतून चहा घेऊन आली. कप ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

‘‘सर, शुक्रवारी आले तर माझी हजेरी लागेल?’’

‘‘अगं, हजेरी कसली? तू तर आमची गेस्ट!’’

पोर आत गेली. बाईंनी विद्याधरकडे असं पाहिलं की त्याने चहा गरमच गिळला. मग तोच म्हणाला, ‘‘बरं. घेतो नाव. पाहुणे गेले की सोमवारी.’’

‘‘आधी.’’

‘‘बाई, विश्वास नाही का माझ्यावर?’’

‘‘नाही.’’

शेवटी असं ठरलं, की गुरुवार संध्याकाळपर्यंत पटावर नाव चढवायचं आणि बाईंना तसं कळवायचं. कळवलं की शुक्रवारी बाई पोरीला शाळेत आणतील. ‘‘नक्की, बाई,’’ असं म्हणून विद्याधर लाँच पकडायला गेला. वाटेत कुणाच्या तरी सुकत घातलेल्या बोंबलांखाली वाकून जाताना त्याने गळ्यातला पट्टा सावरला.

गुरुवारी यव्होनने गणवेश धुऊन इस्त्री केला. संध्याकाळी बाईंच्या फोनवर विद्याधरचा निरोप आला. ‘बाई, उद्या दहा शार्प. केस दोन वेण्यांत बांधा, फोटोत तसे आहेत.’ नावाचा उल्लेख नाही. बाईंनी फोन केला, उचलला गेला नाही. बाईंनी लिहिलं, ‘नाव चढलं का?’ उत्तरात अंगठा आला. अंगठा! विद्याधरसारख्या माणसांसाठीच कुणीतरी ही सोय केली असावी. हो म्हटल्यासारखं दिसतं आणि काहीच म्हटलेलं नसतं. शाळेच्या कार्यालयातली एक जुनी बाई त्यांच्या ओळखीची होती, तिला विचारलं. तिने बघून सांगितलं, असं काही नाव आलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी व्हेनेसा वेण्या घालून ओट्यावर आली. बाई घरातल्याच कपड्यांत बसल्या होत्या.

‘‘आज प्रमेय करायचंय. बस,’’ त्या म्हणाल्या.

पोरीला कळलं. ती गणवेशातच बसली.

यव्होन भाजीची पाटी घेऊन निघाली होती ती तशीच परत वळली. ‘‘काय बाई हे? नेत का नाही हिला?’’

‘‘त्याने नाव घेतलं नाही.’’

‘‘नाही तर नाही! तिकडे गेली असती, पाहुण्यांशी बोलली असती. त्यांनीच विचारलं असतं, कुठल्या वर्गात आहेस म्हणून. तिने सांगितलं असतं खरं काय ते. तुमचा सरांवर राग, नुकसान माझ्या पोरीचं.’’

‘‘तिला बोलू दिलं असतं असं वाटतं तुला?’’

‘‘न जाता कसं कळणार?’’

यव्होन पुटपुटत धक्क्याकडे गेली. वही उघडून बसलेल्या व्हेनेसाने बराच वेळ एक रेघही ओढली नाही, आणि त्या दिवशी बाईंनी तिला झापलं नाही.

पलीकडे काय झालं ते दुपारी शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर आलेल्या फोटोंत दिसलं. बोट गर्ल हजर होती. शीतल नावाची चारकोपची मुलगी, जिने गोराईची खाडी फक्त अलीकडच्या काठावरून पाहिली असेल. दोन वेण्या, हातात पुष्पगुच्छ. एका गोऱ्या बाईने तिला जवळ घेतलं होतं. मागे अहवालाचं मुखपृष्ठ मोठं करून लावलेलं. त्यावर व्हेनेसाचा चेहरा स्पष्ट, आणि पुढे उभी शीतल. एवढ्या माणसांत कुणालाही फरक दिसला नाही. दिसला असला तर कुणी बोललं नाही. विद्याधर सगळ्या फोटोंत मधोमध होता.

त्यानंतर नावाचा विषय त्याने काढला नाही. बाईंनी दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा अंगठा आला. बोर्डाचे फॉर्म गेले. व्हेनेसाने बाहेरून फॉर्म भरला आणि तिला परीक्षेसाठी भलतंच केंद्र मिळालं, जिथे तिच्या ओळखीचं एकही बाक नव्हतं. विद्याधरने पटावर नाव चढवायचं आणि बाईंनी पोरीला हाताला धरून शाळेत आणायचं, असं ओट्यावर ठरलेलं ते काम दोघांपैकी कुणीच केलं नाही.