दोन चाकांवरची बोलणी

त्या उन्हाळ्यात माझ्या मुलीचे लग्न जवळजवळ ठरलेले होते. अडले होते ते एका गोष्टीवर, आणि ती गोष्ट बोलून दाखवायचे काम माझ्याकडे आलेले होते. मुलगी कॅलिफोर्नियात, डेव्हिसला, पशुवैद्यकाचे शिक्षण घेत होती आणि तिची अजून दोन वर्षे राहिली होती. मुलगा न्यू जर्सीत, एडिसनला, आईवडिलांजवळ राहून नोकरी करत होता. त्याच्या वडिलांचे म्हणणे असे, की लग्न डिसेंबरात नागपूरला व्हावे आणि सुनेने जानेवारीत एडिसनला यावे. राहिलेले शिक्षण तिकडच्या एखाद्या कॉलेजात पुरे करता येईलच. हे शिक्षण असे अर्ध्यावर उचलून दुसऱ्या कॉलेजात ठेवता येत नाही, हे मुलीने त्यांना फोनवर समजावून सांगितले होते. त्यांनी ते मायेने ऐकून घेतले आणि म्हणाले, "बेटा, तू अभ्यास कर. हे मी तुझ्या बाबांशी बोलतो."

"तुम्ही बोलल्याशिवाय ते खरं धरणार नाहीत," मुलगी मला म्हणाली. "मी सांगितलं तर त्यांना वाटतं, पोरगी नर्व्हस आहे."

ही अपेक्षा रास्त होती. फक्त माणूस चुकीचा होता. मी पुण्यात वीस-एक वर्षे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवले, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी संगणकाचे शिक्षण घेऊन अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला सॉफ्टवेअर तपासण्याच्या नोकरीवर आलो. वर्गात मला बोलता येत असे, कारण शंभर मुलांशी बोलताना कोणा एकाकडे पाहावे लागत नाही. समोर एकच माणूस असला, आणि त्याला न आवडणारे काही सांगायचे असले, की मी वाक्याची जुळवाजुळव करत बसतो आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. ऑफिसच्या मीटिंगमध्येही माझे मत मी बहुधा नंतर ईमेलने कळवीत असे. व्याह्यांना ईमेल करणे शोभले नसते.

व्याही आठवडाभरासाठी कॅलिफोर्नियाला येणार असे ठरले, तेव्हा मी घरी पोहे, चहा आणि त्यानंतर बोलणी असा कार्यक्रम मनाशी योजला होता. मुलांनी तो मोडीत काढला. "सोफ्यावर समोरासमोर बसलात की तुम्ही दोघं फक्त वेदरवर बोलाल," मुलगी म्हणाली. त्याऐवजी तिने आणि तिच्या नियोजित नवऱ्याने सांताक्रूझच्या उत्तरेला समुद्राच्या कड्यावरून जाणारी सेगवेची सहल ठरवली. सहलीच्या माहितीपत्रकात त्या भागाला "आपल्या घराजवळचा भूमध्य समुद्र" म्हटले होते. हवामानापुरते ते खरे होते: कोरडा उन्हाळा, करडी झुडपे, पांढऱ्या कड्यांखाली निळे पाणी.

सेगवे तेव्हा नवलाईचा होता. एका पाटावर उभे राहायचे, पाटाच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक, समोर छातीइतक्या उंचीचा दांडा. ब्रेक नाही, वेग वाढवायची कळ नाही. पुढे झुकले की गाडी पुढे जाते, मागे झुकले की थांबते आणि आणखी झुकले तर मागे जाते. आमच्या वाट्याला आलेल्या गाड्या कच्च्या रस्त्यासाठी होत्या. त्यांची चाके जाड आणि खाचांची होती.

दोन्ही विहिणींनी या वाहनावर पाय ठेवायला नकार दिला आणि खालच्या गावातल्या बेकरीत बसायचे ठरवले. निघताना माझी बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिकडे आधी तुम्ही, आधी तुम्ही करत बसू नका. आणि हवापाण्याच्या गप्पा झाल्या की मुद्द्यावर या."

व्याह्यांशी तोपर्यंत माझी गाठ फोनवरच पडली होती. ते तीस वर्षे एडिसनला होते, औषधांच्या कारखान्यात यंत्रांचे इंजिनिअर. त्या दिवशी ते मुलाला घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून परस्पर आले, आणि विहीणबाईंना बेकरीत सोडून येताना रस्ता चुकल्यामुळे त्यांना उशीर झाला. तोवर पार्किंगच्या मागच्या मोकळ्या जागेत आमचा सराव सुरू झाला होता. ते गाडीतून उतरले, लांबूनच हात वर करून "काय प्रोफेसर" म्हणाले, आणि मी उत्तर देण्याआधीच आमच्या गाइडने त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवले. ही गाइड पंचविशीतली, उन्हाने नाक सोललेली मुलगी होती. सराव संपेपर्यंत गप्पा नाहीत, असा तिचा नियम होता. त्यामुळे मुलीकडच्या बापाने मुलाकडच्या बापाला भेटल्याबरोबर करायचा नमस्कार राहून गेला. बाकीच्यांना हे लक्षात आले नसेल. मला मात्र ते सारखे टोचत होते.

सरावात व्याह्यांना गाडी लगेच जमली. मला जमेना. गुरुत्वमध्य पायाच्या पुढे गेला की काय होते, हे मी फळ्यावर असंख्य वेळा काढून दाखवले होते. पण माझे शरीर मुळातच अर्धा पाऊल मागे उभे राहणारे आहे, आणि गाडी ते इमानाने ओळखून मला मागे मागे नेत होती. गाइडने दांडा धरून मला पुढे ओढले आणि सांगितले, की पायाची बोटे दाबा, बाकी काही करू नका. या सूचनेवर मी कसाबसा पास झालो.

आम्ही एकामागे एक निघालो. पुढे गाइड, मग व्याही, मग मुलगा, मुलगी आणि शेवटी मी. वाट एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कोबीच्या जातीच्या बारीक गड्ड्यांची शेते अशी जात होती. धुके नुकतेच उठले होते. ओल्या मातीतून चाके गेली की फुसफुस असा आवाज येई. खाली खडकांवर सील पडलेले होते आणि त्यांचे खोकल्यासारखे ओरडणे वाऱ्याबरोबर वर येत होते. मुलगी मधूनमधून वळून पाही. "बाबा, ओके?" मी मान डोलावली की गाडीही थोडी डोले, म्हणून पुढे मी नुसते "हो" म्हणू लागलो. सगळा वेळ मी मनात वाक्य घोळवत होतो: "आपली हरकत नसेल तर एक विनंती करायची होती." हे वाक्य मला फार लांब वाटत होते, पण त्यातला कोणता शब्द गाळावा ते ठरत नव्हते.

पहिला थांबा कड्याच्या टोकापासून बराच आत, एका सपाट जागी होता. मी पोहोचलो तेव्हा बाकीचे आलेले होते आणि व्याही गाडीवरच उभे राहून, तोंड माझ्याकडे करून हसत होते. दोघांमध्ये चार हातांचे अंतर राहिले. पहिल्यांदाच आम्ही समोरासमोर होतो. मी गाडी थांबवली, दांडा सोडला, हात जोडले आणि नेहमीच्या सवयीने कमरेतून वाकलो.

गाडीने तिचे काम केले. मी जितक्या आदराने वाकलो होतो तितक्या वेगाने ती पुढे गेली. माझे चाक व्याह्यांच्या चाकाला जाऊन भिडले, व्याही मागच्या मागे उतरले आणि जाड, रसरशीत पानांच्या वेलींच्या गादीवर जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर आलो, हात अजून जोडलेलेच होते.

व्याही म्हणाले, "साष्टांगच घालायचा होता तर आधी सांगायचं ना बाप्पा. मी उतरून उभा राहिलो असतो."

"काका, आर यू ओके?" मुलगा धावत आला. तो आधी माझ्याकडे आला, स्वतःच्या वडिलांकडे नाही. हे मी आणि बहुतेक व्याह्यांनीही पाहिले.

"तुझा बाप इकडे आहे," ते म्हणाले. "आणि फिजिक्स कोणी शिकवलं होतं, यार? यांनी?"

कोणाला काही लागले नव्हते. माझी पँट गुडघ्यावर हिरवी झाली होती आणि व्याह्यांचीही, बसायच्या जागी. गाइडने दोघांचे हातपाय हलवून पाहिले आणि तिचा दुसरा नियम सांगितला: पडलेल्या माणसाने थोडा वेळ बसायचे, पाणी प्यायचे, मगच पुन्हा चढायचे. तोवर ती मुलांना समोरच्या वळणापर्यंत, आमच्या दिसण्यात राहील इतपत, घेऊन गेली. जाताना मुलीने माझ्याकडे असे पाहिले, की ते पाहणे मला परीक्षेच्या हॉलमधल्या घंटेसारखे वाटले.

आम्ही दोघे वेलींवर बसलो. व्याह्यांनी हवा चांगली आहे असे सांगितले. मी एडिसनच्या उकाड्याची चौकशी केली. मग मी घोळवलेले वाक्य शोधू लागलो. ते सापडेना. पडताना कुठेतरी सांडले असावे.

"मुलगी जानेवारीत एडिसनला येणार नाही," मी म्हणालो.

इतके सरळ वाक्य मी आयुष्यात फार वेळा बोललेलो नाही. ते उद्धट वाटले असेल म्हणून मी पुढे घाईने भर घातली, की तिची दोन वर्षे राहिली आहेत, ती डेव्हिसलाच पुरी व्हायला हवीत, दुसरीकडे प्रवेश मिळत नाही, आणि मिळाला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागेल.

"हे तिनं सांगितलं होतं मला," ते म्हणाले.

"हो. पण आपण माझ्याशी बोलणार होतात."

"म्हणजे हे तुमचंही म्हणणं आहे?"

"माझंच आहे."

ते बाटलीतले पाणी प्यायले आणि बाटली त्यांनी माझ्याकडे दिली. "माझी आई नागपूरला आहे," ते म्हणाले. "अंथरुणावर आहे. ती मला फोनवर एकच विचारते, नातवाचं लग्न कधी. तुम्ही म्हणाल दोन वर्षं थांबा, तर मी तिला काय सांगू?"

त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता, आणि माझ्याच्याने ते ऐकवेना. मी म्हणालो, "मग लग्न डिसेंबरात करू. नागपूरलाच करू. सुट्टीत लग्न होईल आणि सुट्टी संपली की ती डेव्हिसला परत जाईल. एडिसनचं दोन वर्षांनी पाहू."

त्यांनी वळणावरच्या तिघांकडे पाहिले. "मुलगा एकीकडे, सून एकीकडे. लोक विचारतील."

"विचारतील," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. "चालेल." आणि उठायला माझा हात मागितला.

परतीच्या वाटेवर मी खूश होतो, आणि गाडी त्यामुळे की काय नीट चालत होती. मी मुलीच्या पुढे गेलो, हे पार्किंग दिसू लागल्यावर माझ्या लक्षात आले. उतरल्यावर तिने मला गाड्यांच्या आडोशाला ओढले. "बोललात?"

मी सगळे सांगितले. एडिसनचे ऐकून तिने डोळे मिटून श्वास सोडला. डिसेंबरचे ऐकून उघडले.

"डिसेंबर कोणी ठरवला?"

"त्यांची आई आजारी आहे."

"मला माहीत आहे. मी रोज बोलते आजींशी. पण बाबा, माझ्या फायनल्स डिसेंबरात आहेत. आणि लग्न माझं आहे. तुम्ही दोघांनी बसून ठरवलं, तर मग ते एकटे ठरवत होते त्यात आणि ह्यात फरक काय?"

ती चिडून बोलत नव्हती. वर्गातला हुशार विद्यार्थी गणितातली चूक दाखवतो तशी बोलत होती. मी डिसेंबर दिला होता तो माझ्या खिशातला नव्हता. आता दिलेला शब्द परत मागायचा होता, आणि तोही ज्यांना पाडून झाले होते त्यांच्याकडून. यापेक्षा मघाचे बोलणे सोपे होते.

व्याही त्यांच्या भाड्याच्या गाडीच्या दाराशी बुटातली वाळू झाडत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. या वेळी वाकलो नाही.

"डिसेंबर मी माझ्या मनानं म्हणालो," मी म्हणालो. "मुलीला विचारलं नव्हतं. ते धरू नका."

त्यांनी बूट खाली ठेवला. "आता अर्ध्या तासापूर्वी चालेल म्हणालो मी, प्रोफेसर."

"हो. चूक माझी आहे."

"मग आता काय, पुन्हा पडायचं?"

"नाही. आपण तिच्याशीच बोला. मी मध्ये नसेन."

त्यांना ते पसंत पडले नाही, हे दिसत होते. त्यांनी मुलाकडे पाहिले. मुलगा हेल्मेटचा पट्टा सोडवण्यात गढलेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मागे सरलो नाही. शेवटी त्यांनी हाक मारली, "बेटा, इकडे ये."

मुलगी गेली. ते बॉनेटला टेकले, तीही टेकली. सुरुवातीला तेच बोलत होते. मग ती बोलू लागली आणि बोटांवर काहीतरी मोजून दाखवू लागली, परीक्षा असाव्यात. त्यांनी मध्ये काही विचारले. तिने मान हलवून नाही म्हटले, पुन्हा काही सांगितले, आणि मग फोन काढून एक नंबर लावला. नंतर कळले, तो नागपूरचा होता. तिकडे पहाट व्हायची होती, पण आजींना झोप नव्हतीच. मुलीने स्वतःच त्यांना विचारले, की लग्न डिसेंबरऐवजी मार्चच्या सुट्टीत केले तर चालेल का.

फोनवर काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. व्याह्यांनी फोन तिच्या हातातून घेतला, स्वतःच्या कानाला लावला, ऐकून घेतले आणि म्हणाले, "ठीक आहे, आई. तुझं आणि हिचं ठरलं, तर मी कोण?"

मग त्यांनी बूट पायात घातला आणि बेकरी किती वाजता बंद होते ते गाइडला विचारायला मुलाला पाठवले.